एका तासाने काय होतं म्हणे!

एडिसनची_आई
परवाची ती पोस्ट वाचल्यापासून डोकं फिरलंय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी, एक गृहस्थ लिहितात की इथे अमेरिकेत मार्चमध्ये उन्हाळी वेळेसाठी घड्याळ तासभर पुढे गेलं की आपली मंडळी आठवडाभर रडत बसतात, भारतातून आल्यावर नऊ-दहा तासांचा जेटलॅग पचवणाऱ्यांना एका तासाचं काय एवढं, शिस्त लावा, लवकर झोपा. वर अडीचशे लाईक.

अहो साहेब, तुमच्या घरी सकाळी बस पकडणारं लहान पोर आहे का? झोप शिस्तीने येत नाही, उजेडाने ठरते. सकाळी डोळ्यांवर उजेड पडला की शरीराचं घड्याळ जुळतं आणि रात्री वेळेवर पेंग येते. इथे न्यू जर्सीत मार्चच्या सुरुवातीला कुठे सव्वासहाला उजाडायला लागलेलं असतं, की त्या दुसऱ्या रविवारी सरकार ते उचलून परत सव्वासातवर नेऊन ठेवतं. म्हणजे सकाळी अंधारात मुलीला ओढून उठवायचं आणि रात्री ती म्हणणार आई अजून संध्याकाळच आहे मी का झोपू. सासरे आलेत सहा महिन्यांसाठी, त्यांचं वेगळंच, घड्याळात आठ वाजले तरी पोटात सातच वाजलेले, मग नाश्ता नको, मग गोळी उपाशीपोटी कशी घेऊ, रोज सकाळी तोच वाद.

माझं म्हणणं साधं आहे. ही वर्षातून दोनदाची उठाठेव, मार्चमध्ये तास पुढे आणि नोव्हेंबरात मागे, बंद करा आणि हिवाळ्याचं घड्याळ बाराही महिने ठेवा. अमेरिकेतली झोपेच्या डॉक्टरांची अकादमी पण हेच म्हणते.

सनीवेलचा_बाबू
बंद करा याला अनुमोदन, पण ठेवायचंच असेल तर उन्हाळ्याचं ठेवा ना! आधी बॉस्टनला होतो, डिसेंबरात सव्वाचारला सूर्य बुडायचा, ऑफिसमधून बाहेर पडलं की जेवून झोपावं असंच वाटायचं. माणसाला कामानंतर थोडा उजेड हवा की नको? आमचं टेनिस बॉल क्रिकेट मार्च ते ऑक्टोबरच चालतं, का ते विचारा. आणि सिनेटने, म्हणजे इथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाने, मार्च २०२२ मध्ये कायम उन्हाळी वेळेचं बिल एकमताने पास केलं होतं. खालच्या सभागृहाने, हाऊसने, त्याला हातच लावला नाही म्हणून, नाहीतर आज हा धागाच नसता.

एडिसनची_आई
बाबू, हा प्रयोग करून झालाय. जानेवारी १९७४, निक्सन राष्ट्राध्यक्ष असताना, तेलटंचाई होती म्हणून वर्षभर उन्हाळी वेळ लावली. मुलं मिट्ट काळोखात शाळेला जायला लागली, पालक चिडले, आणि ऑक्टोबरपर्यंत काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, तो गाशा गुंडाळला. आमच्याकडे जानेवारीत सूर्य उगवेल आठ वीसला, डेट्रॉइटला तर नऊ! तुझ्या क्रिकेटसाठी?

फिनिक्सकर
😎 ॲरिझोनात या. आम्ही घड्याळाला हात लावत नाही. इथे जून-जुलैत संध्याकाळी आणखी तासभर ऊन कोणाला हवंय, ११० डिग्री फॅरेनहाइट असतं. तुमचे वाद बघत मी निवांत चहा पितोय.

सनीवेलचा_बाबू
निवांत? हिवाळ्यात न्यू जर्सीशी तुमचा फरक दोन तासांचा, आता तीन. त्यांची नऊची मीटिंग तुमच्याकडे सातला असायची ती कालपासून सहाला आली ना? घड्याळ तेच, उठणं बदललं. आणि तुमच्याच राज्यात नावाहो जमातीचे लोक घड्याळ बदलतात, त्यांच्या मध्ये राहणारे होपी जमातीचे बदलत नाहीत. गाडीने सरळ गेलं तरी दोन-चारदा वेळ बदलेल.

फिनिक्सकर
सहाची आहे. हो. चहा म्हणूनच पितोय.

बाणेर_नाईट
तुम्ही सगळे एका तासावर निबंध लिहिताय, ज्यांचं घड्याळ कधीच बदलत नाही पण ज्यांचं आयुष्य तुमच्या घड्याळावर चालतं त्यांचं कोणी बोलेल का? माझ्याकडे एक लंडनचा क्लायंट, एक न्यू जर्सीचा. लंडनचा दुपारी एकचा कॉल म्हणजे माझे साडेसहा, अमेरिकेचा सकाळी नऊचा म्हणजे साडेसात, एकामागून एक, मस्त चाललं होतं. कालपासून अमेरिका एक तास अलीकडे आली आणि लंडन महिन्याच्या शेवटच्या रविवारपर्यंत हलणार नाही, म्हणजे दोन्ही साडेसहाला! दर वर्षी हेच आणि दर वर्षी दोन्हीकडचे लोक विचारतात अरे तू आज आला नाहीस. आणि नोव्हेंबरात तर सगळंच उशिरा सरकतं.

सनीवेलचा_बाबू
भाऊ, पण मार्चमध्ये तर तुमचं भलंच होतं ना, कॉल तासभर लवकर संपतो. आणि खरं सांगू, ऑफशोअर, म्हणजे तिकडे बसून इकडचं काम, आहे म्हटल्यावर हे गृहीत आहे. पगार त्याचाच मिळतो.

बाणेर_नाईट
हे वाक्य येणार माहीत होतं. पगार कामाचा मिळतो, तुमच्या सोयीचा नाही. हिवाळ्यात तुमच्या कॅलिफोर्नियातला सकाळी आठचा स्टँडअप, ती रोजची छोटी मीटिंग, म्हणजे माझे रात्रीचे साडेनऊ, आणि तो पंधरा मिनिटांचा असतो हे फक्त इनव्हाईटमध्ये. आई जेवायला थांबते, तिला सांगून दमलो की थांबू नकोस. अकराला लॅपटॉप बंद केला तरी एकपर्यंत डोळा लागत नाही. कॉल रोटेट करा म्हटलं तर "लेट्स टेक इट ऑफलाईन".

सनीवेलचा_बाबू
आणि आम्ही काय गाद्यांवर लोळतो का? तुमच्या रिलीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सोडायच्या, दिवशी मी पहाटे पाचला बसलेला असतो, बायको शिव्या घालते. पाच वर्षं झाली, कोणी थँक्यू म्हटलेलं आठवत नाही.

बाणेर_नाईट
रिलीज महिन्यातून एकदा असतो साहेब. स्टँडअप रोज असतो.

म्युनिकची_मावशी
अरे भांडू नका. युरोपची गंमत ऐका. २०१८ मध्ये युरोपियन कमिशनने लोकांना विचारलं, ४६ लाख उत्तरं आली, ८४ टक्के म्हणाले बंद करा. २०१९ मध्ये युरोपियन संसदेने पण होकार दिला, २०२१ पासून बंद म्हणून. अजून आम्ही घड्याळं फिरवतोय. कोणी कोणतं ठेवायचं यावर देशांचं एकमत होईना. आता तुमच्या दोघांचं ऐकून कळलं का होईना ते.

सनीवेलचा_बाबू
मावशी, आग लावायला आलात का विझवायला?

नागपुरी_आजोबा
सूर्य उगवला की उठावं, मावळला की जेवावं, घड्याळ लागतं कशाला? आमच्या वडिलांनी युद्धाच्या काळात हिंदुस्थानात पण घड्याळ तासभर पुढे केलेलं पाहिलं, १९४५ ला युद्ध संपलं आणि तेही गेलं. मुंबईने तर स्वतःची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती, ३९ मिनिटं मागे. कोणी मेलं नाही.

एडिसनची_आई
आजोबा, मुंबईची ती वेळ सूर्याला धरूनच होती, म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूचे. आणि सूर्याबरोबर उठायचं तर सकाळी सातची शाळा कोणी काढली हो? २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारला सांगावं लागलं की चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका, मुलांची झोप होत नाही. तेव्हा किती जणांनी ओरड केली की रिक्षावाल्यांचं कसं होणार!

नागपुरी_आजोबा
आम्ही सातच्या शाळेत शिकलो. हुशार निघालो.

फिनिक्सकर
मरणाचं म्हणालात म्हणून, मिशिगनचा २०१४ चा अभ्यास आहे, घड्याळ पुढे गेल्यावरच्या सोमवारी हार्ट अटॅक २४ टक्के जास्त.

सनीवेलचा_बाबू
पूर्ण वाचा की. त्याच अभ्यासात आठवड्याचा एकूण आकडा तेवढाच आहे. जो अटॅक नंतर यायचा तो सोमवारी आला. वीज वाचते म्हणणाऱ्यांचं पण तसंच, इंडियाना राज्याने २००६ मध्ये उन्हाळी वेळ सगळीकडे लावली आणि घरांचा वीजवापर टक्काभर वाढला, एसीमुळे.

एडिसनची_आई
वा! म्हणजे उन्हाळी वेळेने वीज वाचत नाही हे तूच सांगितलंस. स्क्रीनशॉट घेतलाय.

सनीवेलचा_बाबू
घ्या. तुमच्या हिवाळी घड्याळाने जूनमध्ये साडेचारला उजाडेल, तेव्हा पडदे कोणते घ्यायचे त्याचापण स्क्रीनशॉट टाका.

एडिसनची_आई
जाड घेईन. साडेचार जरा जास्तच आहे हे मान्य, पण पडदा ओढता येतो, सूर्य ओढून आणता येत नाही. आणि बाणेर, तुझी एकपर्यंतची झोप त्या रात्रीच्या स्क्रीनमुळे आणि कॉलवरच्या डोकेफोडीमुळे पण जाते रे, कॉल संपला की दिवे कमी कर.

बाणेर_नाईट
ताई, दिवे नाही, कॉल कमी करा.

सनीवेलचा_बाबू
बरं बाबा, ऐका. माझ्या टीमचा स्टँडअप उद्यापासून सकाळी सातला घेतो, म्हणजे पुण्यात साडेसात. खूश? आईला सांगा वेळेवर वाढायला.

बाणेर_नाईट
मी तुमच्या टीममध्ये नाही. पण तुमच्या पुण्यातल्या लोकांच्या वतीने, उपकार झाले. आणि नोव्हेंबरात घड्याळ मागे गेलं की?

सनीवेलचा_बाबू
नोव्हेंबरात रिऑर्ग आहे, कंपनीची फेररचना. जो नवीन मॅनेजर येईल त्याला विचारा.