निपचित कासव म्हणजे मेलेलं कासव नव्हे

या चर्चेत एकांनी लिहिलंय की मासेमारीच्या जाळ्यात आलेलं समुद्री कासव लगेच पाण्यात सोडलं की प्रश्न मिटला. इतकं सोपं नाही ते. कासवाला कल्ले नसतात, फुप्फुसं असतात. ट्रॉलरचं जाळं तळाशी बराच वेळ ओढलं जातं आणि त्यात धडपडताना कासवाचा ऑक्सिजन झपाट्याने संपतो. एरवी पाण्याखाली तासन्‌तास विश्रांती घेणारं कासव इथे तग धरत नाही. वर येतं तेव्हा ते बेशुद्ध असू शकतं. मेलंय समजून (किंवा सुटका करतोय समजून!) फेकलं, की मग ते खरोखर बुडतं. अशा कासवाला पोटावर ठेवून मागची बाजू किमान १५ सेंमी उचलायची, सावलीत ओलसर ठेवायचं आणि ४ ते २४ तास वाट पाहायची. पाठीवर उताणं करून पोट दाबायचं नाही.

टेडचा, म्हणजे जाळ्यातून कासवाला बाहेर काढणाऱ्या उपकरणाचा, उल्लेख अजून कुणी केला नाही. जाळ्याच्या शेपटाआधी (मासळी साठते त्या शेवटच्या भागाआधी) तिरकी बसवलेली सळ्यांची चौकट. कोळंबी फटींतून पुढे जाते, कासव अडून झडपेतून बाहेर पडतं. अमेरिकेने १९८७मध्येच याचे नियम केले. अडचण एवढीच, की मासळी निसटेल या भीतीने ती झडप शिवून टाकली तर उपकरण असून नसल्यासारखं. मच्छीमाराची भीती अगदीच खोटी नाही, त्यामुळे नुसत्या दंडाने हे सुटेल असं मला वाटत नाही.

लांबदोरीच्या मासेमारीत (एका लांब दोरीला अनेक गळ लावून करतात ती) मात्र टोक आत वळलेले गोल गळ आणि माकुळाऐवजी माशाचं आमिष, एवढ्या बदलानेही बराच फरक पडतो.