मदत हवी आहे : अंडी धरलेल्या माकुलीला हात किती काढायचे?

नमस्कार मंडळी,

लेक सातवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला कॅलिफोर्नियाजवळच्या माँटेरे दरीतल्या 'गोनॅटस ऑनिक्स' या खोल समुद्रातल्या माकुलीचं चित्र काढायचंय. व्हिडिओत मादी काळपट पडद्यासारखी अंड्यांची पिशवी धरून तरंगतेय. इथेच घोडं अडलंय. माकुलीला आठ हात आणि दोन लांब सोंडा, हे मला बाजारातून आणलेल्या माकुली साफ करून करून पाठ आहे. पण या बाईला आठच दिसतात, तीनदा मोजले. शिवाय सगळे हात अंड्यांत गुंतलेले, मग खाते कशी? लेकीने तोंडाशी एक कोळंबी काढून ठेवलीय. राहू देऊ?

भरतीओहोटी : माकूल अंडी तळाला चिकटवून निघून जाते ना? आमच्याकडे जाळ्यात पांढऱ्या शेंगांसारखी येतात.

खोलपाणी : ती किनाऱ्याजवळची माकूल. म्हणून तर २००५ साली सायबेल, रॉबिसन आणि हॅडक यांनी दीड ते अडीच हजार मीटरवर अंडी सांभाळणाऱ्या या माद्यांबद्दल लिहिलं, तेव्हा सगळे चकित झाले.

ताई, कोळंबी खोडा. या काळात ती खात नाही, असं मानतात. पाचक ग्रंथीत आधीच साठवलेल्या तेलावर दिवस काढते आणि अंगाचे स्नायूही झिजवते. तुमची मोजदादही बरोबर आहे : गोनॅटसच्या माद्यांच्या, शिकार पकडायच्या त्या दोन सोंडा वयात आल्यावर गळून पडतात. आठच काढा, पण त्यांवरचे बारीक आकडे विसरू नका. दोन-तीन हजार अंड्यांची पिशवी त्यांनीच धरलेली असते. अर्ध्या-पाऊण मिनिटाने ती हात पसरून पिशवीतून पाणी खेळवते, नाहीतर मधल्या अंड्यांना प्राणवायू मिळणार नाही. पिल्लं बाहेर पडायला सहा ते नऊ महिने लागत असावेत. एवढं ओझं घेऊन पळता येत नाही, त्यामुळे खोल बुडी मारणाऱ्या सील-देवमाशांना ती आयतीच सापडते.

आणि एक. मूठभर, पण टपोऱ्या अंड्यांचा व्हिडिओ दिसला तर तो वेगळा : कॅलिफोर्नियाच्या आखातातली त्याच कुळातली दुसरी माकूल, जेमतेम ३०-४० अंडी.

धागाकर्ती : कोळंबी खोडली, लेक रुसली. आता काळ्या कागदावर काळी पिशवी दिसणार कशी?

खोलपाणी : गडद निळा कागद घ्या. व्हिडिओतही पाणबुडीच्या दिव्यामुळेच दिसते ती.