माहेरच्या कोर्टातही मुलाचा ताबा मागता येतो
'बाई माहेरी महाराष्ट्रात आली आणि मूल कर्नाटकात बेळगावात सासरी राहिलं, म्हणजे मुलाच्या ताब्याची केसही तिथंच लढवायची' असं काही जण सांगतात. १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली ते खरं, मूल जिथं राहतं तिथलंच कोर्ट. पण घरात मारहाण असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. त्यात बाई तात्पुरती राहते तिथंही अर्ज चालतो. कलम २१ खाली मॅजिस्ट्रेट मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात, आणि बापाच्या भेटीनं मुलाच्या हिताला बाधा येईल असं वाटलं तर भेटही नाकारू शकतात. आदेश देशभर लागू, राज्याच्या सीमेचा प्रश्नच येत नाही.

माझी मामेबहीण कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात दिलेली, माहेर महाराष्ट्रात चंदगडकडं. मार खाऊन रात्री निघाली, तीन वर्षांची पोर मागंच राहिली. पहिल्या अर्जात फक्त पोटगी आणि संरक्षण मागितलं होतं, ताब्याचं कुणी सुचवलंच नाही! ते नंतर घालावं लागलं. त्यात दवाखान्याचे, पोलिसांचे कागद सगळे कन्नडमध्ये, त्यांचं मराठी भाषांतर होईपर्यंत आणखी तारखा गेल्या. तेवढे दिवस पोर आईविना. म्हणून कळकळीनं सांगते, कलम २१ ची मागणी पहिल्याच अर्जात लिहून घ्या आणि कागदांचं भाषांतर आधीच करून ठेवा.