सर्व्हरवरच्या सीएचएम हेल्प फाइल्स विंडोजवर कोऱ्या दिसतात, उबुंटूवर चालतात

प्रश्न (ड्रॉइंगरूम):
उबुंटू सर्व्हरवर सांबा (विंडोजशी फाइल्स शेअर करणारा प्रोग्राम) आहे, त्यातल्या एका शेअरमध्ये सीएनसी सॉफ्टवेअरच्या सीएचएम फाइल्स ठेवल्यात. शेअर सर्व्हरच्या आयपीने झेड ड्राइव्ह म्हणून मॅप केलाय. विंडोज १० आणि ११ वर डावीकडची विषयसूची नीट येते, उजवीकडे मात्र 'नेव्हिगेशन टू द वेबपेज वॉज कॅन्सल्ड'. उबुंटू डेस्कटॉपवर तीच फाइल व्यवस्थित दिसते. परमिशन फुल देऊनही फरक नाही. शिवाय एक जुनी एचएलपी (सीएचएमच्या आधीच्या प्रकारची हेल्प) फाइल विंडोज १० वर उघडतच नाही.

उत्तर १ (सर्व्हरकाका):
सूची दिसतेय म्हणजे फाइल वाचली जातेय, परमिशनचा नाद सोडा. सीएचएम म्हणजे एचटीएमएल पानांचं गाठोडं. ती पानं इंटरनेट एक्सप्लोररचं इंजिन दाखवतं, त्यामुळे त्याचे झोनचे नियम लागू होतात, म्हणजे पान कुठून आलं (आपलं मशीन, ऑफिसचं नेटवर्क, इंटरनेट) यावर त्याच्यावरचा विश्वास ठरतो. मायक्रोसॉफ्टच्या जून २००५ च्या एमएस०५-०२६ सुरक्षा अपडेटपासून लोकल मशीन झोनच्या बाहेरून आलेली पानं अडवली जातात. लिनक्सचे व्ह्यूअर झोन मानतच नाहीत.

खात्री करायला एक फाइल सी ड्राइव्हवर कॉपी करून उघडा. तरीही कोरी आली तर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, जनरल टॅबवर 'अनब्लॉक'. आणि फोल्डरच्या नावात # आहे का बघा. 'सी#' नावाच्या फोल्डरमधली धडधाकट सीएचएमसुद्धा अशीच कोरी दिसते.

उत्तर २ (रजिस्ट्रीवाला):
शेअरवरूनच उघडायची असेल तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) एचकेएलएम \ सॉफ्टवेअर \ मायक्रोसॉफ्ट \ एचटीएमएलहेल्प \ १.एक्स खाली 'आयटीएसएसरिस्ट्रिक्शन्स' नावाची की (फोल्डरसारखी नोंद) करा, त्यात 'मॅक्सअलाउडझोन' हा डीवर्ड (अंकी नोंद), किंमत १, म्हणजे लोकल इंट्रानेट.

पण तुमच्याकडे एवढ्याने भागणार नाही. आयपीत ठिपके असतात, आणि ठिपके असलेला पत्ता विंडोज इंटरनेट झोनमध्ये टाकतं. ड्राइव्हचं अक्षर झेड असलं तरी मागचा पत्ता तोच. मॅपिंग काढून सर्व्हरच्या साध्या नावाने पुन्हा करा, किंवा इंटरनेट ऑप्शन्समधल्या लोकल इंट्रानेटच्या यादीत तो आयपी घाला. कंटाळून किंमत ३ करू नका. मग इंटरनेटवरच्या कुठल्याही सीएचएमला दार उघडं.

डबल-क्लिकने चालतंय पण प्रोग्राममधून एफ१ दाबल्यावर कोरं, असं झालं तर प्रोग्राम बहुधा ३२-बिट आहे. तीच की वाव६४३२नोडखालीही (रजिस्ट्रीतली ३२-बिट प्रोग्रामसाठीची शाखा) करा.

उत्तर ३ (बॅचफाइल):
मी रजिस्ट्रीला हात न लावता लॉगिन स्क्रिप्टमधून रोबोकॉपीने (विंडोजची फाइल-कॉपी कमांड) प्रत्येक पीसीवर प्रत उतरवणं पसंत करेन. हेल्प फाइल वर्षातून एखाद्या वेळी बदलते, तेवढ्यासाठी सुरक्षा सैल कशाला? (एफ१ शेअरचाच पत्ता धरून बसला असेल, तर मात्र वरचा उपाय.)

स्विच: /एमआयआर /एफएफटी /आर:१ /डब्ल्यू:२. एफएफटी सांबासाठी, वेळेतला दोन सेकंदांपर्यंतचा फरक सोडून देतो, नाहीतर न बदललेल्या फाइलीही पुन्हा उतरू शकतात. आर (पुन्हा किती वेळा प्रयत्न) आणि डब्ल्यू (मध्ये किती सेकंद थांबायचं) विसरलात तर कोणी हेल्प उघडी ठेवली की रोबोकॉपी दर ३० सेकंदांनी, दहा लाख वेळा प्रयत्न करत बसतो आणि लॉगिन स्क्रिप्ट लटकते. एमआयआर लक्ष्य फोल्डरमधलं जास्तीचं सगळं उडवतो, म्हणून त्याला स्वतंत्र फोल्डर द्या. डेस्कटॉप तर नकोच.

उत्तर ४ (सर्व्हरकाका):
एचएलपीचं राहिलं. ती उघडणारा विनहेल्प३२ प्रोग्राम व्हिस्टापासून विंडोजसोबत येत नाही. ८.१ पर्यंत मायक्रोसॉफ्टचं वेगळं डाउनलोड होतं, १० साठी नाही. एक्सपीवरून ईएक्सई उचलून आणायचे उद्योग करू नका. हेल्पडेको या टूलने फाइल सोडवा, मिळालेला एचपीजे प्रोजेक्ट एचटीएमएल हेल्प वर्कशॉपमध्ये (मायक्रोसॉफ्टचं सीएचएम बनवायचं टूल) रूपांतरित करून सीएचएम बनवा. उड्या मारणाऱ्या लिंका आणि चित्रं तपासावी लागतील, मजकूर सहसा शाबूत येतो.

सगळ्यांसाठी एकच प्रत हवी म्हणून सीएचएम 'एचएच -डीकंपाइल'ने सोडवून अपाचे वेबसर्व्हरवर टाकायचा विचार असेल, तर लिनक्सवर फाइलनावातलं लहान-मोठं अक्षर वेगळं धरलं जातं हे लक्षात ठेवा. विंडोजवर खपून गेलेल्या लिंका तिथे ४०४ (पान सापडलं नाही) देतात. सूची आणि शोधही जातो.