मतपत्रिकेवरची ती ‘लाइन’
‘प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीत) मतं कमी पडली, मग पक्षातल्या प्रस्थापितांच्या नावाने खडे का फोडता’ हा काहीजण मांडतात तो मुद्दा मला अजिबात पटत नाही. आमच्या न्यू जर्सीत मतपत्रिकाच झुकती असायची. काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) पक्षनेत्यांचे सगळे उमेदवार, सिनेटपासून थेट स्थानिक पदांपर्यंत, एकाच रकान्यात; यालाच ‘लाइन’ म्हणत. बाकीचे कुठेतरी कडेला, दोन-तीन रिकाम्या चौकोनांपलीकडे. एडिसन गावात घरी पोस्टाने आलेल्या मतपत्रिकेवर हव्या त्या उमेदवाराचं नाव मी बोट फिरवत शोधलंय!

२०२४ मध्ये सिनेटसाठी डेमोक्रॅटिक उमेदवारी मागणारे खासदार अँडी किम यांनी याविरुद्ध कोर्टात धाव घेतली. मार्चअखेरीस फेडरल न्यायाधीशांनी त्या वर्षीच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती ही ‘लाइन’ थांबवली. बड्या काउंट्यांच्या अध्यक्षांनी ज्यांना उचलून धरलं होतं, त्या किम यांच्या प्रतिस्पर्धी आणि तेव्हाच्या गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फींनी त्याआधीच माघार घेतली होती.