वर्सोव्याच्या खाडीमुखाशी रावस: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वर्सोवा आणि मढच्या मध्ये मालाडची खाडी समुद्राला मिळते, तिथे होडीतून गळाने रावस पकडायचाय. पण गर्दी बेसुमार! फेरीबोटीची सारखी ये-जा, वर कोळी बांधवांच्या बोटी भरती साधून आत-बाहेर करतात. नांगर टाकला की कुणीतरी ओरडतंच, आणि वाट त्यांचीच आहे म्हणा. नांगर न टाकता वाहत जावं, तर ओहोटीच्या ओढीत गळ तळाला टिकत नाही. जिवंत कोळंबी शेपटीतून ओवली की गरगर फिरते, स्विव्हल (पीळ सोडवणारी फिरती कडी) असूनही दोरीला पीळ. उधाण टाळून भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांतच जावं का? गळ तळाला बसवायला शिसाचं वजन किती ग्रॅमचं लावता? आणि कुणाची वाट न अडवता होडी नेमकी कुठल्या अंगाला धरायची? १ जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी, त्याआधी जमवायचंय.