मंगळावरचा भाऊ, जुन्नरची बहीण: लघुकादंबरीतली आकडेमोड कधी पक्की करावी?

सांजवेळ
विज्ञानकथा लिहिणाऱ्यांकडून मदत हवी आहे. भाऊ मंगळावरच्या बारा माणसांच्या तळावर आहे आणि बहीण जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर तंत्रज्ञ. काळ ऑगस्ट २०३४ ते सप्टेंबर २०३५. सगळी गोष्ट दोघांच्या निरोपांतून उलगडते. नऊ प्रकरणांचा कच्चा खर्डा झालाय, पण पुढे सरकत नाहीये. निरोप पोचायला सगळीकडे सरसकट वीस मिनिटं धरली आहेत. सहाव्या प्रकरणात बहीण जीएमआरटीवरून भावाला थेट संदेश धाडते. तळावरच्या स्वयंपाकघरात भाऊ कुकर लावतो, तो प्रसंगही अगदी पुण्यातल्या ओट्यावरचा वाटतो. आधी खर्डा पुरा करून मग आकडे बघू, की आत्ताच थांबू?

रेखांश
वेळेचे आकडे आत्ताच. बाकीचं नंतर चालेल, पण निरोपांच्या गोष्टीत वेळ हाच सांगाडा असतो.

सरसकट वीस मिनिटं चालणार नाहीत. अंतर कोटी किलोमीटरमध्ये घ्या आणि १.८ ने भागा, की एकतर्फी मिनिटं मिळतात. ऑगस्ट २०३४ मध्ये मंगळ सूर्याशी युतीत, म्हणजे सूर्यापलीकडे असतो. तेव्हा विलंब वीस मिनिटांच्या वर जातो आणि युतीच्या आसपास साधारण दोन आठवडे यानांना आज्ञा पाठवणंच थांबवतात, कारण सूर्याजवळून जाताना रेडिओ संदेश बिघडतो. सप्टेंबर २०३५ मध्ये प्रतियुती आहे, म्हणजे पृथ्वी मंगळ आणि सूर्याच्या मधे असते. अंतर सुमारे ५.७ कोटी किमी, म्हणजे विलंब जेमतेम सव्वातीन मिनिटं. तुमची गोष्ट अबोल्यापासून सुरू होऊन जवळजवळ गप्पांपर्यंत येते. हे आयतं मिळालंय, सोडू नका.

रोजचे आकडे नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या होरायझन्स या संकेतस्थळावर फुकट मिळतात. लक्ष्य ४९९ (मंगळ), निरीक्षक पृथ्वीचं केंद्र, टप्पा एक दिवस, आणि हव्या त्या आकड्यांच्या यादीत (क्वांटिटीज) २० (अंतर) व २१ (प्रकाशाला लागणारा एकतर्फी वेळ).

मग एक तक्ता करा: पृथ्वीची तारीख-वेळ, तळाचा सोल (मंगळाचा दिवस) आणि घड्याळ, विलंब, निरोप, आणि शेवटचा रकाना ‘लिहिताना समोरच्याचं कुठलं बोलणं पोचलेलं होतं’. चुका याच रकान्यात सापडतात. विलंब वीस मिनिटांचा असताना बहिणीने १०:०० ला प्रश्न पाठवला आणि भावाने १०:०५ ला आपलं वेगळंच काही पाठवलं, तर ते उत्तर नव्हे. दोन निरोप वाटेत एकमेकांना ओलांडून गेले. खर्ड्यात अशा जागा शोधून काढा. त्या खोडायच्याच असं नाही, काही ठिकाणी त्यातूनच गैरसमज उभा राहील.

मंगळाचा सोल २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा. रोज चाळीसेक मिनिटं सरकतात, त्यामुळे आज दोघांची सकाळ एकत्र झाली तर अठरा दिवसांनी तिची सकाळ ही त्याची रात्र, आणि साधारण सदतिसाव्या दिवशी पुन्हा जुळतं.

ध्रुवमत्स्य
सहावं प्रकरण बदलावंच लागेल. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या फक्त ऐकतात, त्यांच्यावर प्रक्षेपक नाही. शिवाय त्यांचा पल्ला साधारण १५० ते १४५० मेगाहर्ट्झ आणि मंगळयानं पृथ्वीशी मुख्यतः ८.४ गिगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. संदेश पाठवायचाच तर बंगळुरूजवळच्या ब्यालालूची ३२ मीटरची तबकडी आहे.

पण ऐकण्यात जास्त गंमत आहे. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याच्या ४०० मेगाहर्ट्झजवळच्या क्षीण संदेशाचा माग जीएमआरटीनेच घेतला होता. अपेक्षित वेळेच्या मिनिटभर आधी तो तुटला आणि यान आदळलं. खोडदला मजकूर ऐकू येत नव्हता. पडद्यावर दिसत होती फक्त वाहक लहरीची (जिच्यावर मजकूर चढवतात त्या मूळ लहरीची) रेघ आणि यानाच्या वेगाबरोबर सरकणारी तिची वारंवारता. पॅराशूट उघडलं तेही त्या सरकण्यातूनच कळलं.

तुमच्या बहिणीला हेच द्या. तिला भावाचं बोलणं कळणार नाही, पण तो यानाने तळावर परतताना उतरतोय, वेग कमी होतोय, हे त्या रेघेवर दिसेल. शियापरेलीच्या वेळी अंतर साडेसतरा कोटी किमी होतं. २०३५ च्या प्रतियुतीला ५.७ असेल, म्हणजे तोच प्रक्षेपक नऊपट ठळक. प्रतियुतीत मंगळ सूर्यास्ताला उगवतो आणि रात्रभर आकाशात असतो, तेव्हा तिला रात्रपाळी द्या. मात्र उतरण्याची जागा त्या वेळी पृथ्वीकडे तोंड करून हवी, हेही तक्त्यात तपासा.

वाफारा
कुकरबद्दल. तळावर हवेचा दाब पृथ्वीइतका ठेवत नाहीत असं धरा. नासाने अशा तळांसाठी सुचवलेलं मिश्रण ५६.५ किलोपास्कल आणि ३४ टक्के प्राणवायूचं आहे. त्या दाबाला पाणी ८४ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजणार नाही.

कुकर लावला तरी घोळ आहे. शिट्टी आपल्या वजनाने वाफ अडवते आणि मंगळावर वजन ०.३८ पट. इथे बाहेरच्यापेक्षा १०० किलोपास्कल जास्त दाबाला उचलली जाणारी शिट्टी तिथे ३८ लाच उचलली जाईल. आतला एकूण दाब ५६.५ अधिक ३८, म्हणजे ९४.५, तापमान ९८ अंश. शिट्ट्यांवर शिट्ट्या होतील आणि तूरडाळ कच्चीच. इथल्यासारखे १२० अंश हवे असतील तर शिट्टी ३.८ पट जड करावी लागेल, पण मग झाकणावरचा ताणही जवळजवळ दीडपट होतो. भावाने वर्कशॉपमधून वायसर आणून शिट्टीवर चढवणं आणि तळप्रमुखाने ते काढायला लावणं, एवढ्यात प्रसंग उभा राहतो. प्राणवायूचं प्रमाण जास्त असल्याने आग झपाट्याने पसरते, म्हणून उघडी ज्योत नको. फोडणी इंडक्शनवर.

सांजवेळ
आभार. पुढचं प्रकरण थांबवून तक्ता करायला घेते. एकच विचारायचं राहिलं: हे सगळं वाचकाला किती समजावून सांगू?

रेखांश
पात्राला ज्याची अडचण होते तेवढंच. शिट्टी हलकी पडते हे दाखवा, किलोपास्कल तुमच्या वहीत राहू द्यात. संज्ञाही एकदा ठरवून टाका: युती, प्रतियुती, सोल, हवाबंद दार. तिसऱ्या प्रकरणात ‘हवाबंद दार’ आणि सातव्यात ‘एअरलॉक’ आलं, तर वाचक दोन वेगळ्या वस्तू समजतो. आणि हो, युती-प्रतियुती बहिणीच्या तोंडी घाला. घरात दाते पंचांग असेल तर आईलाही हे शब्द ठाऊक असतील.